आधी लगीन गच्चीचं : सोसायटीच्या समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, समितीचे सर्व सदस्य आणि चारही विंगचे सभासद यांस

विषय : बागेच्या कोपऱ्यातील नियोजित मंदिर, आणि एका परक्या फौजेचे प्रार्थनास्थळ

स. न. वि. वि.

मागच्या सभेत मला बोलायला दोन मिनिटे मिळाली. पहिले मिनिट माइक चालू होण्यात गेले. दुसऱ्यात अध्यक्ष म्हणाले, ‘सुभेदारसाहेब, विषयाला धरून बोला.’ मी विषयाला धरूनच होतो. माझा विषय अमेरिकेतून सुरू होत होता एवढेच. मग चहा आला आणि सभा संपली. म्हणून हे पत्र. एक प्रत नोटीस बोर्डावर लावतो आहे. फाडू नये, माझ्याकडे आणखी प्रती आहेत.

सभेत तीन मते पडली. काहींना गणपतीचे देऊळ हवे. काहींना ‘सर्वधर्म’ हवे, म्हणजे एका लांब कट्ट्यावर गणपती, बुद्ध, येशू, गुरू नानक आणि मक्केचा फोटो अशी रांग. आणि काहींना काहीच नको, तिथे गाड्या लावायला जागा हवी. तिन्ही बाजूंना सांगण्यासारखे मी काहीतरी पाहून आलो आहे.

आमची मुलगी डेन्व्हरला असते. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. आता फौजी माणूस तिकडे जाऊन मॉल किती दिवस बघणार? जावईबापूंनी ते ओळखले आणि एका शनिवारी गाडी दक्षिणेला काढली, कोलोरॅडो स्प्रिंग्जला. तिथे अमेरिकन वायुदलाची अकादमी आहे. त्यांचे खडकवासलाच म्हणा, फरक इतकाच की आपल्याकडे तिन्ही दलांची मुले एकत्र शिकतात आणि त्यांच्याकडे प्रत्येक दलाचे घर वेगळे. १९५४ मध्ये कायदा झाला, १९५५ मध्ये डेन्व्हरच्या लाउरी तळावर ३०६ मुलांची पहिली तुकडी उभी राहिली आणि १९५८ मध्ये सगळे या डोंगरपायथ्याशी आले. आपली प्रबोधिनीही खडकवासल्याला १९५४-५५ चीच. जुळ्या बहिणी म्हणायला हरकत नाही.

उत्तरेच्या फाटकातून आत शिरले की आठ इंजिनांचे एक जुने बी-५२ बॉम्बर उभे केलेले दिसते. नात तिथून हलेना. तिला ओढून पुढे नेले. जागा ७,२५८ फूट उंचीवर आहे. महाबळेश्वरहून कितीतरी वर, त्यामुळे चार पावले भरभर टाकली की सौ. थांबायची. खाली संगमरवराच्या पट्ट्या बसवलेले प्रचंड पटांगण आहे, त्याला ते टेराझो म्हणतात. पहिल्या वर्षाच्या पोरांनी त्या पट्ट्यांवरूनच पळत जायचे, मधून चालायचे नाही. वरून बघताना बुद्धिबळाच्या पटावरची प्यादी सैरावैरा सुटल्यासारखी वाटतात. नात म्हणाली, ‘आजोबा, यात मुलीपण आहेत!’ तिथे मुली १९७६ पासून आहेत. आपल्याकडे पहिल्या मुली २०२२ मध्ये खडकवासल्याला दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये सतरा जणी पास आउट झाल्या. त्या दिवशी मी टीव्हीसमोरून उठलो नाही. पण ते असो.

त्या पटांगणाच्या कडेला चॅपल, म्हणजे अकादमीचे प्रार्थनामंदिर आहे. लांबून पाहिले तर एका ओळीत उभी केलेली सतरा विमाने, नाकाडे आकाशात. दीडशे फूट उंच, सगळे ॲल्युमिनियम, मागे हिरवाकाळा डोंगर. सौ. म्हणाली, ‘हे देऊळ आहे की कारखाना?’ बाईसाहेबांनी मनातले बोलून दाखवले. बांधण्याआधी अमेरिकेच्या संसदेतही या आराखड्याची टिंगल झाली होती. वॉल्टर नेट्श नावाचा तरुण वास्तुरचनाकार होता, एका मोठ्या कंपनीत नोकरीला. तो युरोपभर जुनी चर्चे पाहत हिंडला. इटलीत असिसी गावी त्याने एकावर एक अशी दोन चर्चे पाहिली आणि ती कल्पना उचलली. १९५९ मध्ये काम सुरू झाले, १९६२ मध्ये संपले. पुढे २००४ मध्ये सरकारने या चॅपलला राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केले. टिंगल करणारे तोवर निवृत्त झाले असणार.

मी सफरमैनाचा, म्हणजे फौजेच्या बांधकामवाल्या पलटणीचा माणूस, बॉम्बे सॅपर्स, खडकी. मला मूर्तीआधी सांधा दिसतो. त्या इमारतीला भिंतच नाही, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. शिंगाडा असतो ना उपासाचा, तसे चार त्रिकोणी बाजूंचे पोलादी सांगाडे केलेले आहेत. एकेक ७५ फूट लांब आणि पाच टन वजनाचा, असे शंभर. मिसुरी राज्यात बनवून रेल्वेने आणले आणि एकावर एक, एकमेकांना टेकवून उभे केले. वरून ॲल्युमिनियमचे पत्रे. शिंगाड्यांच्या मधल्या फटींत रंगीत काच. भिंत आणि छप्पर असे वेगळे काही नाहीच, जमिनीपासून टोकापर्यंत सगळे छप्परच. फौजेत मी पूल बांधले, बराकी बांधल्या, पण असले काही बांधायची छाती कुणाची झाली नसती. मी टोपी काढली. धर्मामुळे काढली असे सगळ्यांना वाटले.

आता आतले सांगतो. समितीने इथे जरा लक्ष द्यावे.

पुढचा रुंद जिना चढून गेले की वरचा मजला, तो प्रोटेस्टंट पंथाचा. बाराशे माणसे बसतील एवढा. दाराशी काचेचा रंग गडद आणि पुढे जावे तसा उजळत जातो. वर ४६ फुटी क्रूस अधांतरी लटकलेला. बाकांची टोके जुन्या विमानांच्या पंख्यांच्या पात्यांसारखी कोरलेली. डोळे दिपतात. मग बाहेर यायचे आणि दुसऱ्या दाराने खाली जायचे. खालच्या मजल्यावर कॅथलिकांची जागा, पाचशे माणसांची. त्याच मजल्यावर ज्यूंची, शंभर जणांची, गोल. तिच्या भोवतालच्या फरशीला जेरुसलेमचा दगड आहे, इस्रायलच्या सैन्याने भेट दिलेला. २००७ मध्ये बौद्धांसाठी एक छोटी खोली झाली. मुसलमान विद्यार्थ्यांसाठी नमाजाची जागा आहे. आणि या सगळ्यांखेरीज साध्या खोल्या आहेत, ज्यांत मुद्दाम काहीही ठेवलेले नाही. चित्र नाही, चिन्ह नाही, मूर्ती नाही. ज्यांची माणसे थोडी त्यांनी तिथे यावे, आपले सामान मांडावे, प्रार्थना करावी आणि उचलून न्यावे.

त्या रिकाम्या खोलीत मी सर्वांत जास्त वेळ बसलो. सौ.ने पर्समधला छोटा अन्नपूर्णेचा टाक काढला, समोरच्या खुर्चीवर ठेवला, हात जोडले आणि परत पर्समध्ये टाकला. दोन मिनिटांचे काम. कुणाची परवानगी लागली नाही, कुणाचा फोटो सरकवावा लागला नाही.

मुख्य चॅपलना आपापले दार आहे. आणि बांधणी अशी की वर ऑर्गन वाजत असताना खाली दुसऱ्यांची प्रार्थना चालू राहू शकते, एकाचा आवाज दुसऱ्याला त्रास देत नाही. वरच्या ऑर्गनला ४,३३४ नळ्या आहेत म्हणतात, तो काही बासरी वाजवल्यासारखा वाजत नसणार. आपल्याकडे क्लबहाउसमध्ये कुणी नामस्मरण लावले की ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर मुलाची ऑनलाइन शिकवणी बंद पडते आणि मग वर्षभर एकमेकांशी बोलणे बंद. एका कट्ट्यावर पाच फोटो मांडणाऱ्या मंडळींना माझे विचारणे आहे की सकाळी सातला त्या एकाच कट्ट्यासमोर कुणाचा स्पीकर लागणार? फोटो कधीच भांडत नाहीत. भांडण वेळेवरून होते आणि आवाजावरून होते.

नातीने तिथे एक प्रश्न विचारला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ‘आजोबा, वरचा मजला यांनाच का? बाकीचे खाली का?’ मी म्हटले, यांची माणसे जास्त असतील. ती म्हणाली, ‘मग खालच्यांची वाढली की बदलणार का?’ मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. इतकी सुंदर इमारत, पण बांधणाऱ्यांच्या मनात थोरला कोण आणि धाकटा कोण हे तिच्या जिन्यातच लिहिलेले आहे. तेव्हा तिकडचे सगळे सोन्याचे, असे सांगायला मी आलेलो नाही.

कारण नुसती खोली दिली म्हणून माणसे शहाणी होत नाहीत. अमेरिकेच्या तिन्ही लष्करी अकादमींत कित्येक वर्षे रविवारी प्रार्थनेला जाणे सक्तीचे होते. धर्म कुठलाही निवडा, पण जायचेच. काही विद्यार्थी कोर्टात गेले. सरकारचे म्हणणे मोठे हुशारीचे होते : ही उपासना नव्हे, हे प्रशिक्षण आहे, उद्या हे अधिकारी होतील तेव्हा शिपायांच्या धर्मभावना त्यांना कळल्या पाहिजेत. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ते मानले नाही आणि सक्ती रद्द केली. वरच्या कोर्टाने त्यात हात घातला नाही. हे मी खजिनदारांसाठी लिहितो आहे. मेंटेनन्सच्या बिलात ‘मंदिर निधी ₹ ५,०००’ ही ओळ छापून आली आहे आणि तिच्यापुढे ऐच्छिक हा शब्द नाही.

पुढे २००४-०५ मध्ये याच वायुदल अकादमीत बराच गदारोळ झाला. फुटबॉलच्या प्रशिक्षकाने मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीत ख्रिस्ताच्या नावाचा फलक लावला होता. इतर धर्मांच्या मुलांवर दडपण येते अशा तक्रारी गेल्या. वायुदलाने चौकशी पथक पाठवले. उघड भेदभाव सापडला नाही असे त्यांनी लिहिले, पण दुसऱ्याच्या मनाचा विचार कमी पडतो हेही लिहिले. मग निसर्गपूजक मुलांसाठी टेकडीवर दगडांचे एक वर्तुळ केले, तर २०१० मध्ये कुणीतरी रात्री-बेरात्री तिथे लाकडी क्रूस नेऊन ठेवला. म्हणजे आपल्या बी विंगमध्ये कुणीतरी दुसऱ्याच्या दारासमोरची रांगोळी पुसते, त्याचीच ही मोठी आवृत्ती. पण त्यांनी वर्तुळ काढून टाकले नाही. पुढच्याच वर्षी ते रीतसर अर्पण केले.

आता कुणी म्हणेल, सुभेदार, तुमच्या फौजेत तर एकाच छताखाली सगळे देव असतात, आम्हाला का अडवता? असतात. आमच्या कंपनीत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. सर्वधर्मस्थळ एकच, आतून कोनाडे वेगळे. धर्मगुरूही फौजच नेमते. पंडितजी, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू, सगळे वर्दीतले सुभेदार-नायब सुभेदार. मंदिर परेडला सगळे हजर. साहेब कुठल्या का धर्माचा असेना, जवानांचा जो देव तो त्याचा देव. केरळचे एक ख्रिस्ती मेजर आमच्याबरोबर गणपतीसमोर उभे राहून आरती म्हणत, ‘संकटी पावावे’ तर अगदी गळा काढून. उच्चार मल्याळी, पण चूक एक नाही.

ते तिथे चालते, कारण जो वरचा आहे तो खालच्याच्या देवाकडे चालत जातो. तिथे संख्येचा प्रश्नच येत नाही. सोसायटीत तशी परेड नाही, हुकूम नाही, आणि खरे सांगू का, समितीतले कुणी डी विंगच्या घरी नाताळला जाऊन बसल्याचे मी दहा वर्षांत पाहिले नाही. ती सवय असेल तर एक कट्टाही पुरतो. नसेल तर पाच फोटोंची रांग ही पाच भांडणांची रांग.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण पत्राचा मथळा गच्चीचा आहे.

२०१८ मध्ये त्या चॅपलमध्ये फिरताना वरच्या मजल्यावर लाकडावर मला डाग दिसले. ओलीचे. आपली नजर जाते तिथे. माहिती सांगायला एक म्हातारे गृहस्थ होते, बहुधा निवृत्त वायुसैनिक. मी बोट दाखवले. ते हसले आणि म्हणाले, पहिल्यापासून. मग जावईबापूंनी दुभाष्याचे काम केले, कारण त्यांचे इंग्रजी मला आणि माझे त्यांना झेपेना. पण सांधा ही एकच भाषा आहे, आम्ही हातांनी बोललो.

गोष्ट अशी. नेट्शने त्या शिंगाड्यांच्या सांध्यांखाली सलग धातूच्या पन्हळी काढल्या होत्या. पत्र्याखाली पाणी शिरले तरी पन्हळीतून बाहेर पडावे, आत येऊ नये. सुळकेही त्याला जास्त हवे होते, एकवीस. पैसे कमी पडले. एकविसाचे सतरा झाले, त्याचे दुःख नाही, सतराही शोभतात. पण त्याच कात्रीत पन्हळी गेल्या. त्यांच्या जागी सांध्यांत सीलंट भरले, आपण नळाच्या फटीत बंदुकीने भरतो तसलेच. त्या प्रदेशात दिवसा ऊन भाजते, रात्री बर्फ पडतो आणि वारा तर डोंगरावरून गडगडत येतो. ॲल्युमिनियम रोज फुगते, रोज आकसते. सीलंट किती टिकणार? इमारत उभी राहिली तेव्हापासून गळायला लागली. मग दर काही वर्षांनी परत भरा, परत गळू दे. आजोबांच्या काळी कौलारू घर दर वैशाखात शाकारून घेत, तेही इतके गळत नसे, कारण कौलांना उतार माहीत असतो.

शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये चॅपल बंद केले. मागच्या खेपेला, २०२४ मध्ये, आम्ही परत गेलो तेव्हा आत जायचा प्रश्नच नव्हता. आय-२५ महामार्गावर गाड्या थांबवून अकादमी पाहायला एक जागा आहे, तिथे उभे राहिलो. सतरा सुळके गायब. त्यांच्या जागी डोंगराच्या पोटाशी एक पांढुरकी अवाढव्य पेटी. आख्खे चॅपल झाकेल एवढी शेड त्यांनी बांधली आहे आणि आत पत्रा न् पत्रा उतरवून काम चालले आहे. नात आता उंच झाली आहे. ती म्हणाली, ‘देव पेटीत ठेवलाय.’

आकडे ऐका. १९६० च्या सुमारास तो ढाचा आणि भोवतालचा परिसर ३५ लाख डॉलरमध्ये झाला होता. २०१९ मध्ये दुरुस्तीचे काम सुमारे १५ कोटी ८० लाखांचे धरले. उघडून पाहिले तर आत ॲस्बेस्टॉस निघाले. मग खर्च २० कोटींच्या वर गेला आणि मुदत वर्षानुवर्षे पुढे सरकली. आणि काम काय, तर नेट्शने पहिल्यांदा काढल्या होत्या त्याच पन्हळी आता बसवायच्या. साठ वर्षांपूर्वी कागदावर होत्या त्या. तोवर प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू, बौद्ध, मुसलमान सगळे कुठल्याकुठल्या हॉलमध्ये प्रार्थना करतात. पावसाने वरचा-खालचा असा भेद ठेवला नाही, सगळ्यांना सारखे बाहेर काढले.

आता बी विंग. जून महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरातच पाणी टपकत होते. देवांना त्यांनी फ्रिजवर ठेवले आहे. त्याच महिन्यात समितीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे दरपत्रक ‘पुढील वर्षी विचारार्थ’ ठेवले आणि मंदिराच्या कळसाचे मंजूर केले. दरपत्रक मी वाचले आहे. त्यात मूळ कोबा उखडून उतार नव्याने काढायचे काम होते. ते महाग म्हणून खोडून त्या जागी ‘वरून केमिकल कोटिंग’ असे पेनाने लिहिले आहे. हस्ताक्षर ओळखीचे आहे. कोटिंग दोन पावसाळे काढते, तिसऱ्यात पापड होतो. तुम्ही सुद्धा पन्हळच कापली आहे, महोदय.

त्या अकादमीतली पोरे एक शपथ घेतात : खोटे बोलणार नाही, चोरी करणार नाही, फसवणार नाही, आणि आपल्यात असे करणाऱ्याला खपवून घेणार नाही. कुणावर आरोप नाही. पण तीन दरपत्रके एकाच प्रिंटरवर छापलेली दिसली तर सभासदाने विचारू नये का?

माझे म्हणणे असे आहे. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत गच्चीचा विषय पहिला घ्या. तानाजी मालुसऱ्यांनी पोराचे लग्न मागे ठेवून कोंढाणा घेतला, आपल्याला कळस मागे ठेवून कोबा घ्यायचा आहे. त्या मानाने सोपे आहे. मंदिर निधीची ओळ बिलातून काढा, ज्यांना द्यायचे ते देतील, मीही देईन, लेखी सांगतो. आणि क्लबहाउसमागची भंगार ठेवायची खोली रिकामी करून पांढरी रंगवा. तिच्यात काही ठेवू नका. एक चटई, चार खुर्च्या, एक दिवा लावायची जागा, बाहेर चपलांचा रॅक आणि दारावर वेळापत्रक, बस. श्रावणात काकूंना सत्यनारायण घालता येईल, डी विंगच्या मंडळींना प्रार्थना म्हणता येईल, वैशाखी पौर्णिमेला वंदना होईल आणि एरवी पोरे अभ्यास करतील. माझ्यासारख्याला तिथे नुसते बसता येईल. बागेतला कोपरा गाड्यांना मात्र देऊ नका, तिथे दोन आंब्याची झाडे आहेत, ती माझ्या हातची आहेत, हे मी सरळ सांगून टाकतो.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी बी विंगच्या गच्चीवर उतार मोजायला जाणार आहे. माझी पाणसळ आहे, दोरी आहे, नळी लावून पाणी सोडीन म्हणजे ते कुठे मुरते ते सगळ्यांना दिसेल. ज्यांना यायचे त्यांनी जुन्या चपला घालून यावे. गच्चीची किल्ली सचिवांकडे असते. ती शनिवार संध्याकाळपर्यंत वॉचमनकडे ठेवावी, ही विनंती.

आपला,
सी विंग, दुसरा मजला
(सुभेदार, निवृत्त)